तिच्याच आवाजात

तनुजा कुंभोजकर बोलायला लागली की ऐकणाऱ्याला जरा थांबावं लागे. प, ब, भ, म ही ओठ मिटून उच्चारायची अक्षरं तिची जन्माची वैरी. शब्दाच्या सुरुवातीला त्यातलं एखादं आलं की तिचे ओठ मिटत ते मिटलेलेच राहत, मान किंचित उजवीकडे कलायची, आणि बऱ्याच वेळाने, गच्च बसलेलं दार ढकलून उघडावं तसा शब्द बाहेर पडायचा. सांगलीत विश्रामबागेत तिचं वाचा-उपचार केंद्र होतं. स्वतःच अडखळणारी बाई दुसऱ्यांना काय बरं करणार, असं सुरुवातीला लोक तिला तोंडावर विचारायचे.

"ब-बरं करत नाही मी," ती सांगायची. "अडखळत का होईना, आपल्याला हवं तेच बोलायला शिकवते."

तिचा नवरा अभिनंदन लग्नांचं चित्रीकरण करायचा. पाहुण्यांच्या मोबाइलमधले तुकडे गोळा करून यंत्रच अख्खी लग्नफिल्म जुळवून द्यायला लागलं, तेव्हा त्याच्या कॅमेऱ्याला काम उरलं नाही. मग त्याने तो कॅमेरा बायकोसमोर लावला. चॅनेलला ‘थांबत थांबत’ हे नाव त्यानेच सुचवलं. दुकानात हवी ती वस्तू मागायची कशी, मुलाखतीत पहिलं वाक्य कसं सुरू करायचं, शाळेत मुलाला चिडवलं तर आईने काय करायचं, अशा साध्या गोष्टी तनुजा त्यात सांगायची. तिची अट एकच होती. एकही अडखळणं कापायचं नाही.

तो काळच असा होता की पडद्यावरच्या कुठल्याही चेहऱ्यावर कुणाचा भरवसा उरला नव्हता. सल्ला देणारा डॉक्टर खरा की बनवलेला, रडणारी बाई खरी की तीही बनवलेली, काही कळायला मार्ग नव्हता. सगळ्यांचे आवाज गोड, सगळ्यांची त्वचा नितळ, सगळ्यांची वाक्यं घोटून गुळगुळीत केलेली. त्यात ही एक बाई ‘भाजी’ म्हणायला झगडताना दिसायची, आणि शब्द सुटला की स्वतःच हसायची. लोकांना ती खरी वाटली, कारण ती खरी होती. बघता बघता महाराष्ट्रभरातून माणसं तिला शोधत यायला लागली. केंद्रात आणखी उपचारतज्ज्ञ आले, ऑनलाइन वर्ग सुरू झाले, आणि अडखळत बोलणाऱ्यांच्या घराघरात तनुजाताई हे नाव झालं.

समीहन दातार तिच्याकडे आला तो या नावामुळेच. पुण्यात त्याची स्वतःची कंपनी होती. तरुण, हुशार, बोलता बोलता टेबलावर बोटाने आकृत्या काढणारा. त्याने डबीतून एक पातळ, कातडीच्याच रंगाची पट्टी काढली. तिचं नाव ‘ओघ’.

"ताई, तुम्हाला हे माहीतच आहे," तो म्हणाला, "की अडखळणाऱ्या माणसाला शब्द ठाऊक असतो. मेंदू तो शब्द पाठवतोही. घशाच्या, जिभेच्या, जबड्याच्या स्नायूंपर्यंत विजेचा बारीकसा संदेश पोचतो. गडबड होते ती शेवटच्या टप्प्यात. ही पट्टी तो संदेश कातडीवरूनच पकडते. तुम्ही आवाज काढायचा नाही, नुसते ओठ हलवायचे. शब्द काय असणार हे पट्टी ओळखते आणि तुमच्याच आवाजात बोलते. निमिषाचा फरक पडतो, तो कुणाच्या लक्षातही येत नाही."

"आणि संदेश अस्पष्ट असला तर?"

"तर ती तुमच्या सवयीवरून अंदाज करते. आधी काही महिने पट्टी नुसती गळ्यात घालायची. तेवढ्यात ती तुमचं बोलणं शिकून घेते. कुणाशी, कुठल्या वेळी, काय बोलता ते सगळं. नंतर तिचा अंदाज सहसा चुकत नाही."

तनुजाने काही महिने पट्टी वापरून बघितली, मगच हो म्हणाली. घाईने काही स्वीकारण्याचा तिचा स्वभाव नव्हता. पट्टी चालू झाली त्या दिवशी तिने पहिला फोन मिरजेला आईला केला. "आई, मी बोलतेय," हे वाक्य एका दमात गेलं. पलीकडे आई "कोण?" म्हणाली, आणि मग रडायला लागली. तनुजाही रडली. पुढच्या आठवड्यात मात्र आई म्हणाली, "आता तुझे फोन पटकन संपतात गं." दोघी त्यावर हसल्या.

कंपनीने तनुजाला पट्टीच्या जाहिरातीचा चेहरा केलं. तिने ही गोष्ट लपवली नाही. ‘थांबत थांबत’वर पट्टी दाखवून, ती काय करते हे समजावून सांगूनच तिने पहिला व्हिडिओ केला. पुण्यात मोठ्या सभागृहात तिची मुलाखत झाली. निवेदकाने विचारलं, "इतक्या लोकांसमोर उभं राहिल्यावर आता कसं वाटतं?" क्षणभरात उत्तर आलं, "छान वाटतं." सभागृह उठून उभं राहिलं आणि टाळ्या थांबेनात. महिन्याभरात पुणे-बंगळूर रस्त्यावर तनुजाचा हसरा चेहरा आणि खाली ते दोनच साधे शब्द झळकायला लागले: छान वाटतं. तिच्या केंद्रातल्या कितीतरी लोकांनी पट्ट्या घेतल्या. लातूरच्या एका मंडपवाल्याने पहिल्यांदा स्वतःच्या मुलीला तिच्या पूर्ण नावाने हाक मारली, त्याचं पत्र समीहनने कार्यालयाच्या भिंतीवर लावलं. कंपनीने तनुजासाठी पुण्यात मोठं केंद्र उघडायचं ठरवलं, आणि अभिनंदनने तिकडे राहायला जागा बघून करारावर सहीही केली.

पावसाळा सरता सरता एका दुपारी ईश्वरी मगदूम केंद्रात आली. ईश्वरी तनुजाची जुनी विद्यार्थिनी. कॉलेजात असल्यापासून येत होती. आता ती इंजिनियर होती, आणि तासगावच्या पुढे एका गावात पाणीयोजनेच्या पंपघराचं बांधकाम तिच्या देखरेखीखाली चालू होतं. तिच्या गळ्यात पट्टी तनुजाने स्वतः बसवली होती. आज गळा मोकळा होता.

"ताई, स्लॅब पडला," ती म्हणाली.

तनुजाने तिला पाणी दिलं. ईश्वरीने सांगायला सुरुवात केली, आणि तनुजा मध्ये न बोलता ऐकत राहिली. पंपघराचा स्लॅब ओतून फार दिवस झाले नव्हते. कंत्राटदाराला स्लॅबखालचे टेकू दुसऱ्या कामावर हवे होते. ईश्वरी सांगलीला बैठकीत असताना त्याचा फोन आला, मॅडम, टेकू काढू का? फोनवरून उत्तर गेलं, "चालेल, काढा." टेकू निघाले आणि स्लॅब खाली बसला. खाली असलेले दोन गवंडी अडकले. एकाला किरकोळ लागलं. दुसऱ्याचा, शंकर लोखंडेचा, पाय मांडीपासून मोडला.

"बांधकामावरचे फोन रेकॉर्ड होतातच. चौकशी समितीने मला ऐकवलं. आवाज माझाच आहे ताई. इतकं स्पष्ट मी जन्मात बोलले नसेन. सगळे म्हणतात, तू म्हणालीस. मलाही वाटायला लागलंय की मीच म्हणाले असेन." ती थांबली. "पण मी न-न-न… नको म्हणत होते."

"फोनवर अडखळल्यासारखं झालं होतं का?"

"झालं ना. छातीत गच्च झालं, जीभ दातामागे अडकून बसली. मग आवाज गेला, आणि सुटल्यासारखं वाटलं. बैठक चालू होती, मी फोन ठेवला."

"‘चालेल’ म्हणताना तू कधी अडखळतेस?"

"कधीच न-नाही. ‘न’ आला की मी चालेलच म्हणते, लहानपणापासून. मैत्रिणीने सायकल मागितली, चालेल. मावशीने राहायला बोलावलं, चालेल. न… नाही म्हणायला जीभ वळायची नाही, म्हणून मी सगळ्याला…"

ईश्वरीने वाक्य पुरं केलं नाही.

तनुजाला जे कळलं ते असं होतं. पट्टी संदेश स्पष्ट असेल तिथे ऐकते आणि अस्पष्ट असेल तिथे सवयीवर जाते. अडखळणाऱ्याचा संदेश अस्पष्ट होतो तो नेमका त्याच्या अवघड शब्दावर. आणि अवघड शब्दावर अडखळणाऱ्याची सवय काय असते? तो शब्द टाळायची. आयुष्यभर माणूस जे बोलायचं ते सोडून दुसरंच सोपं काहीतरी बोलत आलेला असतो, आणि पट्टी ते इमानेइतबारे शिकते. केंद्रात बसून वर्षानुवर्षं तनुजा लोकांची जी खोड मोडायला झटत होती, तीच खोड तिने त्यांच्या गळ्यात बांधली होती. ती खोड आता अडखळत नव्हती, एवढाच फरक.

शिवाय माणसाला ते कळतही नव्हतं. आपलाच आवाज कानावर पडला की मेंदू समजतो, हे मीच बोललो. असे प्रयोग तनुजाने शिकताना वाचले होते. ते स्वतःच्या बाबतीत घडेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

ईश्वरीला घरी सोडून ती तडक अभिनंदनच्या खोलीत गेली. तो वर्गांचे व्हिडिओ लावत बसला होता.

"पुण्याच्या मुलाखतीचं मूळ चित्रीकरण आहे?" तिने विचारलं. पट्टी तिच्या गळ्यात होती, वाक्य सरळ गेलं.

"आहे. का गं? मूळच्यात ओठ आणि आवाज जरा पुढेमागे होते. मी सरकवून नीट केलं होतं."

"नेहमी करावं लागतं?"

"पट्टी आल्यापासून थोडं थोडं लागतंच. मला वाटलं, कॅमेरा जुना झाला."

त्याने ते चित्रीकरण लावलं. निवेदकाचा प्रश्न आला. अभिनंदनने वेग कमी केला. पडद्यावर तनुजाचे ओठ हळूहळू एकमेकांवर आले, घट्ट मिटले, मिटून राहिले. त्याच वेळी स्पीकरमधून तिचा आवाज सावकाश म्हणत होता, छान. ‘छान’ला ओठ मिटत नाहीत. अभिनंदनने ते पुन्हा लावलं, मग आणखी एकदा.

"तू काय म्हणत होतीस तेव्हा?"

तनुजाने पट्टी सोडून टेबलावर ठेवली. "भ-भ… भीती वाटते, असं."

अभिनंदनने खुर्ची तिच्याकडे वळवली.

"तनू, मार्चमध्ये मी तुला विचारलं होतं, पुण्याला कायमचं जायचं का. तू म्हणालीस, तुला वाटेल तसं."

तिने मान डोलावली.

"ते तू म्हणालीस का?"

"म… मला नाही जायचं, असं म्हणायचं होतं. मग ऐकलं, तर वाटलं, आपण म-मान्य केलं असेल."

अभिनंदनने दोन्ही हात तोंडावरून फिरवले. "मी खूश झालो होतो. मला वाटलं, पहिल्यांदाच तू काही माझ्यावर सोपवलंस." तो उठून खिडकीपाशी गेला. "आधी तू उत्तर द्यायला वेळ लावायचीस, तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघत बसायचो. हल्ली बघतच नाही. उत्तर आलं की कामाला लागतो."

दोन दिवसांनी समीहन सांगलीत आला. तनुजाने त्याला सगळं दाखवलं. तो अभियंता होता, त्याला समजायला वेळ लागला नाही. त्याचा चेहरा उतरला.

"पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो," तो म्हणाला. "पण ताई, जाहीर बोलू नका. ईश्वरीला आम्ही चांगला वकील देतो. तुम्ही बोललात तर उद्या हजारो लोक पट्ट्या काढून फेकतील. त्यातल्या कितीतरी लोकांचं आयुष्य यानेच उभं राहिलंय. ते तुम्हाला माहीत आहे."

ते तिला माहीत होतं, आणि म्हणूनच तिला दोन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं.

"अंदाज न करता येत नाही का? शब्द कळला नाही तर पट्टीने गप्प राहायचं."

"मग लोकांना ते अडखळणंच ऐकू येणार ना. गप्प राहणारी पट्टी कोण घेईल?"

"ज्याला स्वतःचं ब… बोलायचंय तो घेईल."

"आणि तुमचं केंद्र? पुण्याचं काम निम्मं झालंय. लोक तुमच्या शब्दावर आलेत."

"म्हणूनच," तनुजा म्हणाली. या शब्दालाही तिला वेळ लागला. समीहन थांबला, पण तिच्याकडे न बघता.

अभिनंदनला तिने त्या संध्याकाळी विचारलं की आपल्याला काय काय सोडावं लागेल. त्याने काही लपवलं नाही. पुण्याचं केंद्र जाईल, करार मोडेल, निम्मे विद्यार्थी जातील, लोक म्हणतील की ही बाई इतके दिवस खोटं बोलत होती. "आणि ते म्हणतील तेव्हा आपल्याला उत्तर देता येणार नाही," तो म्हणाला, "कारण तो व्हिडिओ नीट जुळवून मीच टाकलाय." मग त्याने मूळ चित्रीकरण, एकही चौकट न हलवता, वेगळं काढून तिला दिलं.

चौकशी समितीसमोर सुनावणी होती त्या दिवशी खोलीत खुर्च्या पुरल्या नाहीत. समितीचे अध्यक्ष घोरपडे म्हणून निवृत्त अभियंते होते, शांत आणि काटेकोर. एका बाजूला कंत्राटदार आणि त्याचे वकील, दुसऱ्या बाजूला ईश्वरी आणि तिचे वडील. शंकर लोखंडेची बायकोही मागे येऊन बसली होती.

तनुजा पट्टी न लावता उभी राहिली. तिने पट्टी काय करते ते सांगायला सुरुवात केली. प, ब, म हे तिन्ही ‘पट्टी बोलते, माणूस नाही’ एवढ्याशा वाक्यात येतात. खोलीत चुळबुळ झाली. घोरपडे भले गृहस्थ, त्यांना तिची दया आली असावी.

"पट्टी चुकीचं बोलली, असं तुमचं म्हणणं आहे," त्यांनी तिचं वाक्य पुरं केलं.

तनुजाने हात वर केला. "साहेब, वाक्य संपवू नका. ते माझं आहे. तुम्ही संपवलंत ते जवळजवळ ब… बरोबर आहे. पण मला तसं म्हणायचं नव्हतं."

घोरपडे मागे टेकून बसले. नंतर कुणी मध्ये बोललं नाही.

तिने पुण्याचं चित्रीकरण दाखवलं. हे ईश्वरीच्या अपघाताच्या कितीतरी आधीचं होतं. लोकांनी हमरस्त्यावर वाचलेलं वाक्य ऐकलं आणि त्याच वेळी मिटलेले ओठ पाहिले. कंत्राटदाराचे वकील म्हणाले की ओठ काय, कुणीही हलवू शकतं. तेव्हा तनुजाने पट्टी लावली आणि अध्यक्षांना सांगितलं की मला काहीही विचारा.

"तुमचं माहेर कुठलं?"

तिचे ओठ मिटले, सगळ्यांना दिसतील असे. पट्टीतून आवाज आला, "इथून जवळच आहे."

"तुमचा जन्म कुठल्या वारी झाला?"

ओठ पुन्हा मिटले. "आठवत नाही," आवाज अगदी सहज म्हणाला.

तनुजाने पट्टी काढली. "म… मिरज," ती म्हणाली. "ब… बुधवार." मग ती पुढे म्हणाली, "शाळेपासून गावाचं नाव कुणी विचारलं की मी ‘जवळच’ म्हणते. पट्टी ते शिकली. ईश्वरीला ‘न’ येत नाही. ती चालेल म्हणते. पट्टी तेही शिकली. ही पट्टी तिच्या गळ्यात म-मी बांधली. तिला विचारण्याआधी म… मला विचारा."

मागे बसलेली शंकरची बायको उठली. "म्हणजे पोरीनं नको म्हटलं होतं?" कुणालाच उद्देशून नसल्यासारखं तिने विचारलं. ईश्वरी वळली. तिला उत्तर द्यायला खूप वेळ लागला, ‘न’ आल्यामुळे, आणि रडू आल्यामुळेही. पण तिने दिलं, आणि त्या बाईने ते संपेपर्यंत ऐकलं.

त्याच आठवड्यात तनुजाने ‘थांबत थांबत’वर तो सगळा प्रकार सांगितला. अभिनंदनने एकही अडखळणं कापलं नाही. शेवटी तोही पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर आला आणि मुलाखत आपण कशी सरकवून जुळवली ते त्याने सांगितलं.

समितीने ईश्वरीला निर्दोष ठरवलं नाही, पण दोष तिचा एकटीचा नाही असं लिहिलं. लेखी परवानगी न घेता टेकू काढल्याबद्दल कंत्राटदारावर कारवाई झाली. ईश्वरी काही महिन्यांनी पुन्हा कामावर रुजू झाली. शंकरचा पाय जोडला गेला, तो आता काठी घेऊन चालतो. कंपनीने तनुजाशी करार मोडला, पुण्याच्या केंद्रावर दुसरी पाटी लागली, हमरस्त्यावरचे फलक एकेक करून उतरले. केंद्रातली बरीच माणसं गेली. काही नुसती निघून गेली, काही बोलून गेली. तुमचं नाव झालं आणि आमचा घात झाला, असं एका बाईने तोंडावर सांगितलं. तनुजाने ते ऐकून घेतलं. दोन उपचारतज्ज्ञांना तिला जड मनाने निरोप द्यावा लागला. सांगलीचं केंद्र मात्र चालू राहिलं. दर आठवड्याचा व्हिडिओही चालू राहिला.

समीहनबद्दल सांगायला हवं. तो पुष्कळ दिवस रागावला होता. मग उन्हाळ्यात एका सकाळी त्याच्याकडून नवी पट्टी आली. शब्द कळला नाही तर ही गप्प राहत होती, नुसती गळ्यापाशी किंचित थरथरायची. ‘खपेल की नाही माहीत नाही, तुम्ही तपासून द्याल का,’ एवढंच त्याने कळवलं होतं. तनुजाने तपासून दिली. फलकावर चेहरा द्यायला मात्र तिने नकार दिला.

लातूरचे व्यंकटराव सूर्यवंशी, ते मंडपवाले, त्याच सुमाराला न कळवता सांगलीला आले. धिप्पाड गृहस्थ, पांढऱ्या मिशा, गळ्यात जुनीच पट्टी. ते चिडले होते हे पट्टीच्या गोड आवाजातूनही कळत होतं.

"तुम्ही ते सांगितलंत आणि माझी झोप उडवलीत ताई," ते म्हणाले. "धाकट्या भावाशी माझं बारा वर्षं बोलणं नव्हतं. शेताच्या बांधावरून. आई गेली तेव्हा त्याचा फोन आला. मी म्हटलं, ये घरी. तो आला. आता सगळं सुरळीत आहे, पोरं एकत्र जेवतात. आणि तुम्ही म्हणता, पट्टी बोलली असेल."

"तुम्हाला काय म्हणायचं होतं?"

"तेच आठवत नाही. कदाचित येऊ नको म्हणणार होतो. कदाचित शिवी हासडणार होतो." त्यांनी मोठे हात गुडघ्यांवर ठेवले. "मग त्याला बोलावलं कुणी?"

तनुजाने विचार केला.

"तो आला तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"दारातच उभा होतो. मिठी मारली."

"ते तरी पट्टीने केलं नाही."

व्यंकटराव हसले नाहीत. "ते खरं. पण बोलावणं माझं पाहिजे. त्याला माहीत नसलं तरी मला माहीत पाहिजे." मग त्यांनी पट्टी काढून तिच्या हातात दिली, खिशातला फोन काढला, आणि खुणेनेच विचारलं की भावाला इथूनच लावू का.

तनुजा उठून बाहेरच्या खोलीत आली आणि तिने दार लोटून घेतलं. अभिनंदन चहाचे कप घेऊन आत जायला निघाला होता, त्याला तिने हाताने थांबवलं. आत फोनची घंटा वाजत होती. मग फोनच्या स्पीकरवरून पलीकडच्या माणसाचा आवाज आला.

"हां दादा."

"य…" व्यंकटरावांचा स्वतःचा आवाज जाड होता, घोगरा, पट्टीतल्या आवाजापेक्षा पुष्कळ म्हातारा. "य… य…"

मग काहीच नाही. अभिनंदन हातातले कप तसेच धरून उभा राहिला. आत श्वास ओढल्याचा आवाज आला, पुन्हा शांतता झाली. तनुजाचे ओठ नकळत मिटले होते.

"बोल दादा," पलीकडचा आवाज म्हणाला. "मी हाय हितं. सावकाश बोल."

आणि व्यंकटरावांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.